आप्पांच्या सायकलचं आधुनिकीकरण

रविवार, २१ सप्टेंबर १९९७

आप्पांची सायकल आज गॅलरीतून हॉलमध्ये घेतली. आप्पा म्हणजे माझे सासरे, हौसेराव, राहणार सातारा. सायकल इंग्लंडची, रेसची, हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं. दसऱ्याला सीमोल्लंघनाला सगळा गाव वेशीबाहेर चालत जायचा, आप्पा हिच्यावरून. आता गुडघे गेलेत. दिवाळीनंतर ऑपरेशन, मग सायकल कायमची बंद. म्हणून गणपतीत ती टेम्पोत घालून माझ्याकडे पाठवली. दोन सख्खे मुलगे सोडून जावयाकडे! निरोप असा, की ठीकठाक करून ठेवा, दसऱ्याला वाशीला येतो, एकदा शेवटची चालवतो.

नुसतं ऑइलिंग करून परत देणं मला शोभत नाही. ऑफिसातला आशुतोष जर्मनीहून सात गिअरची चाकं, ब्रेक, लिव्हर असं सगळं घेऊन आलाय. आप्पांच्या गुडघ्यांना त्रास म्हणून होणार नाही. दसऱ्यानंतर मी रोज सायकलने महापेला ऑफिसात. दिवाळीपर्यंत पोट आत.

अरुणा म्हणाली, आधी मोरीतला गळका नळ बघा. बायकोला लांबचं दिसत नाही.

बुधवार, २४ सप्टेंबर

पितृपक्ष चालू आहे. नवीन काम सुरू करू नये. अरुणा म्हणाली, सायकल तर जुनी आहे. मी म्हटलं, पार्ट नवीन आहेत. ती कपाळावर हात मारून आत गेली. म्हणजे पटलं.

रविवार, २८ सप्टेंबर

उघडून बघणं म्हणजे सुरू करणं नव्हे. जेवणापर्यंत सायकल पूर्ण सुटी. फार समाधान वाटलं. पेडलचा दांडा निघेना तेव्हा वरवंटा वापरला. वरवंट्याला विशेष काही झालेलं नाही, एक टवका.

जुने पार्ट खोक्यात. बेअरिंगचे छर्रे हरवू नयेत म्हणून स्वयंपाकघरातल्या एका रिकाम्या डब्यात. नट खूप उरतील असं दिसतं. इंग्रजांनी नट जरा जास्तच वापरलेत.

गुरुवार, २ ऑक्टोबर

घटस्थापना. डबा साबुदाण्याचा निघाला. अरुणाने काल वाण्याकडचा नवीन साबुदाणा त्यातच ओतला आणि रात्री तसाच भिजत घातला. सकाळी खिचडीत छर्रे. तिचा नऊ दिवसांचा उपवास, आणि पहिल्याच घासाला दाताखाली कटकन. वातावरण तंग. मी परातीसमोर बसून एकेक छर्रा वेचला. तुपामुळे छान गुळगुळीत झालेत, हे तिला सांगायला नको होतं.

दुपारी नामदेव आला. वाशीतल्याच जुहूगावात याचं सायकलचं दुकान. माझ्या प्रत्येक म्हणण्याला मान डोलावतो, त्यामुळे त्याला कळतं. नवीन मागचं चाक सायकलच्या दांड्यांमध्ये मावेना. दांडे अरुंद. नामदेव म्हणाला, लोखंड हाय शेट, ऐकंल, टेन्शन नको, मी हाय ना. भावाच्या टेम्पोचा जॅक आणून त्याने दांडे फाकवले. लोखंडाने ऐकलं, जरा जास्तच ऐकलं. चाक आता मावतं, पण डावीकडे कललेलं दिसतं. डावीकडे वळताना फायदाच होईल.

रविवार, ५ ऑक्टोबर

नवी चाकं जुन्यांपेक्षा जराशी लहान निघाली. त्यामुळे ब्रेक रिमवर न टेकता टायरवर टेकतात. नामदेव म्हणाला, टायरला टेकला तरी गाडी थांबते ना शेट? मुद्दा चुकीचा नाही, पण मला जर्मन दर्जा हवा. कानस घेऊन ब्रेकची भोकं लांबवली. पुढचा ब्रेक आता रिमवर येतो. मागचा तसाच. दोन ब्रेक एकदम कोण दाबतं?

उद्यापासून जिन्याने चढायचं. पायांची तयारी हवी.

सोमवार, ६ ऑक्टोबर

लिफ्टने आलो. हातात भाजीच्या पिशव्या होत्या.

बुधवार, ८ ऑक्टोबर

आप्पांचा फोन. नवमीला दुपारी पोचतात. सायकल कशी आहे विचारलं. मी म्हटलं, ओळखणार नाही तुम्ही. मग म्हणाले, जावईबापू, रात्री झोप लागत नाही, दसऱ्याचाच विचार येतो. गुडघ्याला तेल लावतोय.

फोन ठेवल्यावर मलाही कसंतरीच झालं. आता काहीही झालं तरी सायकल वेळेत. राहिलंय काय? हँडल, गिअरच्या वायरी, सीट, चेन. किरकोळ.

शुक्रवार, १० ऑक्टोबर. खंडेनवमी

रजा घेतली. सकाळी हँडल बसवलं, हाताने घट्ट केलं. पान्याने आवळायचं राहिलं. मधेच अरुणाने झेंडू आणायला एपीएमसी मार्केटला पाठवलं. परत आलो तर पाट मांडलेला. सुरी, विळी, कात्री सगळं पूजेला. मला उत्साह आला. माझे पाने, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर घासूनपुसून मीच पाटावर ओळीने लावले. हळदकुंकू, फुलं, आरती. शेजारच्यांनासुद्धा बोलावून दाखवलं.

जेवताना आठवलं. हँडल!

अरुणा म्हणाली, पूजेतलं हत्यार उद्या उत्तरपूजा होईपर्यंत हलवायचं नाही. नऊ दिवस उपवास केलेल्या बाईशी वाद घालण्यात अर्थ नसतो. धावत नामदेवकडे. त्याचा पाना मागितला तर त्याने जीभ चावली. त्याची सगळी हत्यारं झेंडूखाली, समोर उदबत्ती. पलीकडचं गॅरेज, तिथेही तेच. प्लंबर, तेच. आज अख्ख्या वाशीत उघडा पाना नाही. संस्कृती टिकून आहे, याचा आनंद दुसऱ्या एखाद्या दिवशी झाला असता.

दुपारी आप्पा आले. सायकलभोवती एक फेरी मारली. खोक्यातल्या जुन्या पार्टवरून हात फिरवला. भारावून गेले असणार.

शनिवार, ११ ऑक्टोबर. दसरा

उजाडलं तेव्हा आप्पा पांढरा शर्ट आणि टोपी घालून दारात उभे. उन्हाआधी एक चक्कर मारतो म्हणाले. पूजा अजून व्हायची, पाने पाटावर. आप्पांना त्या हँडलवर बसू देणं शक्य नव्हतं. मी म्हटलं, आमच्याकडे जावयाने आधी चालवायची पद्धत आहे. अरुणाने माझ्याकडे असं पाहिलं की विचारू नये.

बसलो. निघालो. सुरुवात फारच छान. गेटपाशी हँडल उजवीकडे वळवलं, हँडल वळलं. चाकाने मात्र सरळ जायचं ठरवलं होतं. ब्रेक दाबला, तो मागचा निघाला. सोसायटीच्या गेटचं झेंडूचं तोरण गळ्यात घेऊन मी वॉचमनच्या खुर्चीत. वॉचमन खुर्चीतच होता. सेक्रेटरींनी टाळ्या वाजवल्या.

आप्पा जमिनीवर बसून हसले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग मला उठवून म्हणाले, चला, अंघोळ करा, पूजा उरकू.

उत्तरपूजा झाल्यावर आप्पांनी पान्यांना नमस्कार केला आणि हॉलमध्ये बैठक मारली. मी पाने पुढे करत होतो. हँडल आवळलं, चाक ठाकूनठोकून सरळ केलं, मागचा ब्रेक वाकवून रिमवर आणला. गिअरच्या वायरी मात्र अपुऱ्या पडल्या. आप्पांनी चेन एका चाकीवर घातली आणि म्हणाले, एक पुरतो. थोडक्यात, सहा गिअर कोरे शिल्लक आहेत.

संध्याकाळी आप्पा निघाले. एकदा डुगडुगले, मग ताठ झाले आणि वळणावरून दिसेनासे झाले. बराच वेळ आलेच नाहीत. मी गेटवर, अरुणा गॅलरीत. खरंच घाबरलो होतो. त्या ब्रेकवर मी कानस चालवली होती, ते मलाच ठाऊक. काळोख पडता पडता आले, हँडलला आपट्याची फांदी बांधलेली, घामाघूम. पार खाडीपर्यंत जाऊन आले होते! खाली उतरून मला मिठी मारली. म्हणाले, गुडघा कळलाच नाही हो. मीही त्यांना घट्ट धरलं. सोनं द्यायचंही विसरलो.

रविवार, १२ ऑक्टोबर

आप्पा आज साताऱ्याला गेले. सायकल घेऊन. स्वतः उभं राहून एसटीच्या टपावर बांधून घेतली. ऑपरेशनचं नंतर बघू म्हणाले, आधी रोज सकाळी चालवून बघतो. तुम्हाला काय, महापेची बस दारातून आहे.

अरुणा खूश. हॉल रिकामा झाला.

सोमवार, १३ ऑक्टोबर

महापेची बस. उभ्याने. आशुतोषने ऑफिसात विचारलं, काय, आजपासून सायकलने ना? मी म्हटलं, अर्थात. सध्या ती साताऱ्याला आहे, टेस्टिंगसाठी.