गंगीची ओळ

सोमवार, सांजेला

आज अंगात त्राण नाही, तरी लिहिते. माझा लेक रमेश जव्हारला लग्नाच्या व्हिडिओचं दुकान चालवतो. त्याने आज कॉम्प्युटरला दोन डिस्क जोडल्या. एकीत जे भरलं ते आपोआप दुसरीतही उतरतं, त्याला म्हणे रेड म्हणतात. जोडायच्या आधी दोन्ही फॉरमॅट केल्या, म्हणजे पुसून कोऱ्या केल्या, आत काय आहे ते न बघता. एकीत माझ्या जावेने, गंगीने, गायलेली लग्नाची गाणी होती. गंगी गेली, आता गाणीही गेली.

वर मलाच सांगतो, "आये, आता काळजी नको. एक बिघडली तरी दुसरीत तेच राहील."

"तेच म्हणजे काय रं? रिकामंच ना?"

मान खाली घातली गाढवाने. मग म्हणाला, "तू गा. तुम्ही दोघी जोडीनंच गायच्या ना?" आणि माईक पुढे धरला.

गायले. रुसून काय मिळणार होतं? पण आमच्या गाण्यात एकीने ओळ सोडायची, दुसरीने उचलायची. जन्माची सवय. मी ओळ सोडली आणि थांबले. थांबूनच राहिले. कोण उचलणार होतं?

रमेशने रेकॉर्डिंग बंद केलं नाही. माझं ते थांबणं आता दोन्ही डिस्कमध्ये आहे. एक बिघडली तरी दुसरीत राहील.