आवाजाच्या रकान्यातले दहा

शुक्रवार, बारा तारीख

दादा, नमस्कार.

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. फोनवर बोलता येत नाही. बाबांचे कान तुला माहीत आहेत.

इकडे ठीक. बाबांचा खोकला गेला, खरंच गेला! शहराबाहेर मालाचं केंद्र झाल्यापासून मोठे ट्रक तिथेच रिकामे होतात आणि माल बॅटरीच्या छोट्या गाड्यांतून गल्लीत येतो. खिडकीवर काजळी बसत नाही. शेजारच्या काकूंना कपडे दोनदा धुवावे लागत नाहीत, त्यामुळे त्यांच्याकडे भांडायला विषयच उरलेला नाही.

या केंद्राचा फायद्या-तोट्याचा अहवाल ऑफिसने माझ्याच गळ्यात मारलाय. धूर, गर्दी, आवाज, अपघात असे रकाने. आवाजाला मी दहापैकी दहा दिले. गाड्या मांजराच्या पावलांनी येतात, असा शेराही मारला. साहेब खूश.

तू विचारलंस, बाबा अजून एकटे फिरायला जातात का. त्या प्रश्नापाशीच पत्र अडलं होतं.

डोळे गेल्यापासून बाबा कानांनी रस्ता ओलांडतात, आणि त्यांच्याच मुलीने शांततेला पैकीच्या पैकी दिले.

सोमवारी ते कोपर सोलून घरी आले. "खांब मध्येच आला," म्हणत हसले. मीही हसले. बुधवारी गाडीवाला स्वतः दारात आला, रडवेला. सोमवारी वेळेवर ब्रेक लागला म्हणून आजोबा वाचले, म्हणाला. बाबांना जाब विचारला, तर म्हणतात, "तुझ्या अहवालात अपघात शून्य आहेत ना? मग शून्यच राहू दे. मला तो खोकला परत नको, बाई."

तेव्हापासून दार वाजलं तरी दचकते. सोबत येते म्हटलं की चिडतात, म्हणून काल गुपचूप मागे गेले. वळणावर ते थांबले. काठी टेकली, पण पाऊल उचलेना. मग मागे न वळता म्हणाले, "तू आलीस ते कळलं मला. गाडी मात्र कळत नाही गं." हात धरला तर सोडवून घेतला नाही. भीती कशाशी खातात हे ज्यांना माहीत नव्हतं, ते आपले बाबा!

आज शून्य खोडून एक लिहिला. आवाजाचे दहाही खोडले. गाड्यांना आवाज बसवा, असं लिहिलं. साहेब म्हणाले, "एका म्हाताऱ्यापायी चांगल्या कामाला नाट लावू नका." केंद्र बंद करा असं मी म्हणतच नाही, दादा. पण तो म्हातारा कोण, हे सांगायचं धाडस झालं नाही.

सोमवारी दुपारी अहवालावर सही आहे. मध्ये तीन सकाळी आहेत आणि बाबा तिन्ही दिवस फिरायला जाणार म्हणतात. हे पत्र तुझ्या हाती पडेल तोवर त्या होऊन गेलेल्या असतील.

तुझी घाबरलेली
धाकटी