रानाला दिलेली ओ

३ मार्च
पोचले एकदाची! राष्ट्रीय उद्यानातलं हे पर्यटक निवास म्हणजे मोजक्या खोल्या, छपरावर सौर पट्ट्या आणि प्लास्टिकला दारातच बंदी. उद्यानासाठी ज्यांची गावं उठवली त्यांनाच इथे नोकऱ्या दिल्यात, हे मला फार आवडलं. मी इथली नवी मार्गदर्शक. चाळिशी उलटल्यावर पोराटोरांच्या बरोबरीने परीक्षा दिली, आहात कुठे! वरिष्ठ मार्गदर्शक पर्यटकांना सारखा गप्प करतो, म्हणून सगळे त्याला चूपदादा म्हणतात. आल्या आल्या त्याने मलाही गप्प केलं. थोरलीला वसतिगृहावर फोन करून सगळं सांगितलं. किती दिवसांनी हसलीस गं आई, म्हणाली.

९ मार्च
चूपदादाने एक नियम माझ्याकडून घोटून घेतला. पक्ष्याच्या आवाजाचं रेकॉर्डिंग रानात वाजवायचं नाही. आपल्या जागेत दुसरा कोणी घुसलाय असं वाटून पक्षी धावत येतो. लोकांना फोटो मिळतो आणि तिकडे घरट्यात अंडी गार पडतात. मी म्हटलं, मला काय खूळ लागलंय असले धंदे करायला?

१४ मार्च
लागलं खूळ. आजच्या पाहुण्यांनी पक्षी दिसत नाही म्हणून नुसतं डोकं खाल्लं. तक्रार करतो म्हणाले. चूपदादा बराच पुढे होता. मी फोनवर हळूच आवाज लावला. तो संपला आणि पुढचं रेकॉर्डिंग आपोआप सुरू झालं. माझ्या धाकटीचं. तापात गेली, त्याच्या आदल्याच आठवड्यातलं, लपाछपी खेळतानाचं. "आई, कुठेयस? सापडत नाहीयेस!"

घाईघाईने बंद केलं. तेवढ्यात झुडपामागून तेच बोबडे बोल परत आले. प्रतिध्वनी मस्त येतो हो इथे, असं एक पाहुणा म्हणाला.

१५ मार्च
आज दुपारी पुन्हा तीच हाक. चूपदादाला सांगितलं तर त्याचा चेहराच उतरला. त्यांचं गाव इथे होतं तेव्हा रानात कुणी नाव घेऊन हाक मारत नसे, आणि रानातून हाक आली तर ओ देत नसे. ते ऐकतं आणि शिकतं, म्हणाला. ताई, पाया पडतो, ओ तेवढी देऊ नका. त्याला वेड्यात काढलं आणि खोलीत येऊन ढसाढसा रडले.

१९ मार्च
दिली ओ. कुठली आई देणार नाही? म्हटलं, इथेच आहे गं माझी राणी. मग पलीकडून उत्तर आलं, "इथेच आहे गं माझी राणी." माझे शब्द, तिच्या आवाजात.

२३ मार्च
सगळी दुपार निवासाच्या कुंपणाशी गेली. पाहुण्यांना दुसऱ्या मार्गदर्शक बाईने फिरवलं. मी बोलत राहते, ती माझंच परत म्हणते. तुझी ताई आता कॉलेजात जाते म्हणून सांगितलं. आपण तिला घरात ठमी म्हणायचो, आठवतं का विचारलं. थोरलीचे दोन फोन येऊन गेले, उचलले नाहीत. ती माझी धाकटी नाही, हे कळतं मला. कळून करू काय?

२६ मार्च
धाकटीचा आवाज येईनासा झाला. दिवसभर हाका मारल्या — घसा पार बसला. संध्याकाळी झाडीत कुणीतरी खाकरलं. अगदी माझ्यासारखं. चूपदादाने परस्पर थोरलीला बोलावून घेतलंय. कुणी सांगितला होता हा आगाऊपणा —

२७ मार्च
घशातून शब्द फुटत नाही. नुसती हवा.
मी परत कुंपणाशी जाऊ नये म्हणून बाहेरून कडी घालून चूपदादा पाहुण्यांना घेऊन लांब गेलाय. खिडकीत बसलेय. थोरली आली की आधी हे पान दाखवायचं — हाकेमागे जाऊ नकोस —

फाटकाशी गाडी थांबली. आली. किती वाळलीय माझी पोर. हात हलवला — लक्ष नाही —

रानातून हाक आली. माझा आवाज. "ठमे, इकडे ये गं, इथेच आहे —"

हसली ती. बॅग तिथेच टाकली. आले गं आई, म्हणाली —

खिडकी बडवली. त्या हाकेपुढे ऐकू जात नाही तिला — झाडीकडे चाललीय — मोठ्या अक्षरात लिहिते, धरते वर —

ठमे
मी इथे आहे
मागे बघ
माग