शेवटच्या खोलीतल्या काकीचा मुलगा

आई, शेवटच्या खोलीतली काकी परवा गेली. खोली म्हणायची सवय अजून सुटत नाही. लालबागची आपली चाळ पाडून तिथे टॉवर झाला, तो तू पाहिला नाहीस. माणसं तीच, सोडतीत मजलाही तिचा-माझा एकच आला, फक्त आता दारं बंद असतात आणि कोणाकडे काय शिजतंय ते कळत नाही. तिच्या ज्या मुलाने आपल्या दादाला मारलं, तो अजून तुरुंगातच आहे. तुला लिहायला बसले ते काकीची बातमी द्यायला नाही. गेल्या महिन्यात पोलीस स्टेशनमधून एक हवालदार माझ्याकडे आला होता, आणि त्याने मला तेच विचारलं जे पूर्वी एकाने तुला विचारलं होतं. त्याला पॅरोलवर सोडायचं आहे, तुमची काही हरकत आहे का?

तो दिवस मला अजून स्वच्छ दिसतो. मी विळीवर नारळ खवतेय, तू तांदूळ निवडतेयस. हवालदार उंबऱ्याबाहेरच उभा आहे, चपला काढाव्यात की नाही या विचारात. काका परळच्या हॉस्पिटलात शेवटच्या घटका मोजतोय आणि त्याच्या मुलाने सुट्टी मागितलीय. तू सुपातून मान वरही करत नाहीस. "बापाशीक आग देवक झील नको काय? येवंदे त्याका," म्हणतेस, आणि त्याने पुढे केलेल्या कागदावर सही करून पुन्हा तांदळातले खडे शोधायला लागतेस. कोर्टात साक्ष मी दिली होती, आई. जिन्यात दारू प्यायला बसू नको, एवढंच दादा त्याला बोलला होता, तेही लहानपणापासूनचा मित्र म्हणून. थोड्या वेळाने सुरा घेऊन वर येताना त्याला मी पाहिलं होतं, आणि हे भर कोर्टात त्याच्याकडे बोट दाखवून मीच सांगितलं होतं. तू माझ्याकडे वळून साधं विचारलंही नाहीस.

तो आला आणि काका गेला. मयताच्या घरात चूल पेटत नाही, शेजाऱ्यांनी पिठलं-भात न्यायचा, ही आपली रीत. दादाच्या वेळी अख्ख्या चाळीने आपल्याला जेवू घातलं होतं, एक काकी सोडून, आणि ती तरी कुठल्या तोंडाने येणार होती. तू पिठलं केलंस आणि टोप माझ्या हातात दिलास. मी जाणार नाही म्हटलं. "ती बाय सकाळपासून उपाशी आसा. जा, सांगतंय मी," तू म्हणालीस. रीत पाळायच्या नादात आपण कोणाला कोणाच्या दारात पाठवतोय, हे तुझ्या ध्यानातच आलं नसावं. दार त्यानेच उघडलं. डोकं नुकतंच भादरलेलं. टोप घेता घेता हळू आवाजात म्हणाला, "ताई, दादरला त्याच दुकानात ना तू अजून? आठला सुटतेस ना?" बस, एवढंच. ती धमकी होती की तुरुंगातून आलेल्या माणसाला दुसरं काही बोलायला सुचलं नाही, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

तुला मी ते सांगितलं नाही. त्याची मुदत संपली, तो परत गेलाच नाही, आणि पोलीस त्याला शोधत कित्येक महिने आपल्या गॅलरीत चकरा मारत राहिले. मी साडीच्या दुकानातली नोकरी सोडली. तुला वाटलं मला काम नको आहे. "गुन्हो तेना केल्यान आणि घरात तू बसतंस?" असं चारचौघांत बोललीस. तो सापडला, पण तुझ्यावरचा राग मी तू जाईपर्यंत काही सोडला नाही. हॉस्पिटलात तुझे पाय चेपले, औषधं दिली, आणि बोलले मात्र कामापुरतं. याचं मला फार वाईट वाटतं. तू चुकलीस असं मी आजही म्हणेन. पण चुकताना तू दुसऱ्या बाईचा विचार करत होतीस, आणि माझ्या वेळेला मला तेवढंही जमलं नाही.

जन्मठेपेच्या कैद्यालाही आईबापाला भेटायला सोडावं, हे मला पटतं. वर्षानुवर्षं भिंती बघून माणसाचं काय उरणार? पण मला पटणाऱ्या बऱ्याच गोष्टी दुसऱ्याच्या मजल्यावर घडाव्यात असं मला वाटतं, त्याला काय करू? काकी अंथरुणाला खिळली होती. दुपारी मी तिच्याजवळ बसायचे तर हात धरून म्हणायची, "बाय गे, माका एकदा झिलाचा तोंड बगूक होया. तू आडवी येव नको." मी हवालदाराला म्हटलं, त्याला दुसरीकडे कुठे ठेवता येणार नाही का? "मॅडम, पत्ता इथलाच दिलाय. बाकी साहेब ठरवतील. तुमची हरकत आहे की नाही, तेवढं सांगा." तू मला विचारलं नव्हतंस, म्हणून मी माझ्या मुलीला विचारलं. ती ऑफिसमधून उशिरा येते, लिफ्टने एकटीच. "मम्मी, भीती वाटते ना तुला? मग सरळ नको सांग. त्यात काय एवढं?" मी सांगितलं, हरकत आहे, जिवाला धोका आहे असं लिहा.

अर्ज नामंजूर झाला. काकीला हे कोणीच सांगितलं नाही. ती रोज विचारायची, "इलो काय गे?" आणि मी म्हणायचे, येईल.

परवा त्याला पोलीस बंदोबस्तात दोन-तीन तासांसाठी आणलं. केस पिकलेले, खांदे उतरलेले, मनगट शिपायाच्या हातात. मी दारात उभी राहिले, आणि मला भीती वाटली नाही. ते मला मुळीच आवडलं नाही, कारण इतकी वर्षं मी जिला जपत आले ती भीती गेली कुठे, आणि मग त्या दिवशी मी लिहून दिलं ते काय होतं? आग देऊन परतल्यावर तो माझ्यासमोर थांबला. शिपायानेही थांबू दिलं. म्हणाला, "ताई, आईने शेवटी शेवटी माझं काही विचारलं का?"

मी म्हटलं, नाही.

मुलीला सांगितलं तर म्हणेल, बरं केलंस. तू असतीस तर ओरडली असतीस, म्हणून तू असतीस तर तुलाही सांगितलं नसतं. तो मान खाली घालून लिफ्टकडे वळला तेव्हा, आई, मला बरं वाटलं होतं.