न झालेल्या डबेचोरीविषयी

तीर्थरूप आत्यास,

वाकून नमस्कार. (हे पत्र वाचून संपेपर्यंत मी वाकलेलीच आहे, असे समजावे.) तुमचा गुडघा आता कसा आहे? जिना उतरताना कठड्याला धरता ना? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम तुम्ही करत नसणार हे मला ठाऊक आहे. परंतु इतरांच्या कर्तव्यात चुका काढण्याचा अधिकार मी नुकताच गमावला असल्याने तो विषय येथेच सोडते. माझी प्रकृती उत्तम आहे. भूक लागत नाही, झोप येत नाही आणि शाळेचे फाटक दिसले की मी न थांबता पुढच्या चौकापर्यंत चालत जाते, एवढे सोडल्यास काळजीचे कारण नाही. हे सारे फोनवरच सांगणार होते. पण तुम्ही "हं, बोल" म्हटलेत की माझे बोलणे संपते.

ज्या शाळेत तुम्ही मुख्याध्यापिका होतात, तेथे तुमच्याच शब्दाखातर मला घेतले गेले, याचा मला विसर पडू नये अशी चोख व्यवस्था आताच्या मोठ्या बाईंनी केली आहे. कोणतेही काम सांगताना त्या "तुमच्या आत्या असत्या तर" अशी सुरुवात करतात. वर्षारंभी शिक्षकांच्या खोलीत उपक्रमांची वाटणी झाली, तेव्हा इतर सर्वांनी काही ना काही सबब सांगितली. मी मान खाली घालून वाचत बसले होते आणि तो होकार समजण्यात आला. परिणामी बाग, बुद्धिबळ, गायनवृंद, भित्तिपत्रक आणि विद्यार्थी प्रमुखाची निवडणूक ही सर्व खाती माझ्याकडे आली. (बागेत तण म्हणून मी जे उपटले ते गाजर होते. बुद्धिबळातला घोडा कसा चालतो हे दुसरीतल्या एका मुलीने मला समजावून सांगितले आणि वर विचारले, "बाई, कळलं की नुसतंच हो म्हणताय?" गायनवृंदाविषयी न लिहिलेलेच बरे.)

निवडणूक मात्र मला साधेल असे वाटले होते. चौथीतले तीन उमेदवार उभे राहिले. (नावे मी ठेवलेली.) पैलवान हा अंगाने थोराड, स्वभावाने लोण्यासारखा; पहिलीतल्या मुलांच्या बुटांच्या नाड्या तोच बांधून देतो. वकिलाला "बस" म्हटले तरी तो "का?" विचारतो. आणि चिमणीचा आवाज दुसऱ्या बाकापर्यंतही पोहोचत नाही. प्रत्येकाने सर्व शाळेसमोर आणि पालकांसमोर स्वतःचे भाषण स्वतः तयार करून करावे आणि उपक्रमप्रमुखांनी तटस्थ राहावे, असा नियम होता. तो नियम मीच सुवाच्य अक्षरात फळ्यावर लिहिला होता.

हाताचा खडू झटकण्यापूर्वीच वकील मला ग्रंथालयाच्या कपाटामागे गाठून म्हणाला, "बाई, थोडंसं लिहून द्या ना. समोरचा गार झाला पाहिजे." मला नाही म्हणता येत नाही, हे तुम्ही जाणता. (दुकानदाराने दोन वेगळ्या मापांच्या चपला दिल्या तरी मी पैसे देऊन, आभार मानून घरी येते.) पण खरे सांगायचे तर, आत्या, मला नाही म्हणायचेच नव्हते. विद्यार्थिदशेत निबंधाचे प्रत्येक बक्षीस मी घेतले. भाषणे मात्र मी लिहिली आणि केली दुसऱ्यांनीच. टाळ्या वाजत तेव्हा मी पडद्यामागे नुसते ओठ हलवत उभी असे. त्यामुळे असे काही लिहायला मिळाले की माझा तोल जातो. पुढे पैलवान आला, मग चिमणी आली. एकाला दिले आणि दोघांना नाकारले तर तटस्थता कुठे उरली, असा युक्तिवाद करून मी तिघांनाही लिहून दिले.

वकिलाच्या भाषणाला धार हवी होती आणि पैलवानावर आरोप करण्याजोगे काहीच सापडेना. म्हणून मी एक आरोप रचला : हा मधल्या सुट्टीत लहानांचे डबे खातो. (आरोपावाचून प्रचार फिका पडतो असे तुम्हीच एकदा म्हणाला होतात. मी तुम्हाला दोष देत नाही.) पैलवानावर अन्याय नको म्हणून त्याच्या भाषणात या आरोपाचे बाणेदार खंडनही घातले. "पण बाई, मी डबा कुठे खाल्लाय?" असे त्याने विचारले. मी म्हटले, म्हणूनच तर तसे सांगायचे. त्याला ते पटले. माझे म्हणणे पटणारा तो शाळेतला एकमेव जीव आहे.

बोलण्याचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरला आणि पहिली चिठ्ठी पैलवानाची निघाली. भरल्या सभागृहात, कोणी अवाक्षरही काढलेले नसताना, तो छातीवर हात ठेवून गरजला, "माझ्यावर आत्ताच जो घृणास्पद आरोप झाला, त्याने मी डगमगलेलो नाही. मी कुणाचाही डबा खाल्लेला नाही!" पालकांच्या रांगांत कुजबुज झाली. पहिलीतल्या मुलांनी डब्यांच्या पिशव्या मांडीवर ओढून घेतल्या. त्यानंतर वकील उठला आणि बोट रोखून म्हणाला, "लहानांचे डबे कोण खातं? उत्तर द्या!" मागून कोणीतरी ओरडले, "दिलं की त्यानं मगाशीच!"

चिमणीला मी कंसात सूचना दिल्या होत्या, आणि तिचे पाठांतर निर्दोष आहे. मोठ्या बाईंनी तिच्यासाठी मुद्दाम माइक खाली करून दिला. "आपण सारे एकजुटीने, येथे किंचित थांबावे, शाळा सुंदर करू, येथे आवाज चढवावा," असे ती त्याच बारीक आवाजात, कुठेही न थांबता म्हणत गेली. तेवढ्यात शेवटचा कंस मला आठवला आणि मी खुर्चीत खाली सरकले. तालमीत ती प्रत्येक वाक्यानंतर माझ्याकडे बघत असे, म्हणून तो घातला होता. "येथे बाईंकडे पाहू नये," चिमणी माइकवरून स्वच्छ म्हणाली, आणि सगळे सभागृह माझ्याकडे पाहू लागले.

मतदान रद्द झाले. मोठ्या बाईंनी मला खोलीत बोलावून विचारले, "निवडणूक मुलांची होती की तुमची?" मी म्हणाले, मुलांची. "मग हरलं कोण, ते सांगा." उत्तर शोधून आणते, असे म्हणून मी बाहेर पडले. ते दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत दिसले. पैलवान पायरीवर एकटा बसला होता. तो उठून चालू लागला की "ए, आला, आला!" म्हणत लहान मुले डब्यांची झाकणे लावत होती. त्यांना भीती वाटू नये म्हणून तो दोन्ही हात पाठीमागे बांधून त्यांच्यामधून जात होता. एकाची नाडी सुटलेली दिसली तेव्हा तो थांबला, वाकला, आणि हात पुढे न आणताच निघून गेला. आत्या, मी शिक्षकांच्या खोलीत जाऊन कपाटाकडे तोंड करून उभी राहिले.

परिपाठात सर्वांसमोर उभे राहून "तो आरोप मी रचला" असे सांगणे, एवढाच उपाय आहे. पहिल्या दिवशी मी उभी राहिले, तोंड उघडले, आणि एक पायमोजा सापडला आहे असे जाहीर करून खाली बसले. दुसऱ्या दिवशी तो पायमोजा अजून कोणी नेला नसल्याचे सांगितले. (पायमोजा सापडलाच नव्हता. तरी तिघे तो मागायला आले.)

यातून मी एक गोष्ट कायमची शिकले. ज्याचे त्याने बोलावे. मोडके असो, तोकडे असो, पण स्वतःचे असावे. दुसऱ्याने लिहून दिलेले शब्द तोंडात घेणे हे मुलांनाही शोभत नाही, मोठ्यांना तर नाहीच.

तुमच्या शब्दाला कमीपणा आणणारी,
तुमची भाची

ता. क. : येत्या सोमवारी मला परिपाठात बोलायचेच आहे. तेवढा चार-पाच वाक्यांचा मजकूर तुम्ही लिहून पाठवाल का? पाठ मी करीन. जमल्यास थोडा करुण असावा.

आणखी एक ता. क. : पत्र टाकायचा धीर झाला नाही, ते पर्समध्येच राहिले. आता मजकूर पाठवू नये. आज मी बोलले. "डबा त्याने खाल्ला नाही," एवढे म्हणून मी पुढच्या वाक्यासाठी श्वास घेतला. लगेच पहिलीच्या रांगेतून आवाज आला, "मग कुणी खाल्ला?" कोणाचाही डबा गेलेलाच नव्हता हे समजावायला लांबलचक वाक्य लागले असते. मुले एकमेकांची तोंडे पाहू लागली, वकील उठून उभा राहिला, आणि आणखी एखाद्या निरपराध्याचे नाव निघण्याआधी मी म्हणाले, "मी."

तेव्हा माझी खरी विनंती अशी : मोठ्या बाईंचा तुम्हाला फोन येईल. तुमच्या भाचीला घरी जेवायला मिळत नाही का, असे त्या विचारतील. कृपया माझी बाजू घेऊ नये. तिला लहानपणापासून ही खोड आहे, असे ठामपणे सांगावे. कारण पैलवानाच्या भोवती आज पुन्हा सुटलेल्या नाड्यांची रांग लागली होती. ती रांग संपवून तो माझ्या टेबलाशी आला, इकडेतिकडे पाहून उकडलेला अर्धा बटाटा वहीखाली सरकवला आणि हळूच म्हणाला, "बाई, भूक लागली तर मागायचं. चोरायचं नाही."