नटीला न्यायला आलेली मोटार

सर, परवा रविवारी तुमच्या त्या नटीला मी परत बघितलं आणि माझं डोकंच फिरलं. तुम्ही आमच्या हायस्कूलच्या हॉलमध्ये खिडक्यांना गोणपाट लावून दाखवली होती ना, तीच ती जुनी काळी-पांढरी इंग्रजी फिल्म. आता त्यासाठी एसटीच्या टपावरून पेट्या आणाव्या लागत नाहीत. आमच्या सांगलीच्या फ्लॅटमध्ये नातीनं टीव्हीची दोन बटणं दाबली आणि बाई हजर. मोठं घर तेच, दिवसाढवळ्या ओढलेले पडदे तेच, आणि स्वतःचे तरुणपणीचे फोटो पदरानं पुसावेत तसे बाहीनं पुसणारी ती बाईही तीच. शेवटी दारात मोटार आली, बाई नटूनथटून पायऱ्या उतरली, ऐटीत आत बसली, आणि नात माझ्याकडं वळून म्हणाली, "आज्जी, ही तर वेडी झालीय. तिला हॉस्पिटलला नेतायत. तू तर मला सांगायचीस, तिला परत काम मिळतं म्हणून." मी म्हटलं, आमच्या सरांनी तसंच सांगितलं होतं. तर कार्टी विचारते, "तुझ्या सरांना इंग्रजी येत नव्हतं का गं?" घ्या! तुम्हाला, सर! इंग्रजीचा तास घेताना बाहेर शिपाई घंटा द्यायला विसरायचा, त्या तुम्हाला! मला हसूही आलं आणि असा संताप आला म्हणता, की उठून स्वयंपाकघरात जाऊन उगीचच भांडी आदळली.

कारण तुम्हाला इंग्रजी चांगलं येत होतं. तेच तर दुखणं आहे. येत नसतं तर मी तुम्हाला केव्हाच माफ केलं असतं. तुमची खोडच होती ती, कुणाचं वाईट झालेलं तुम्हाला सांगवायचं नाही. धड्यातला म्हातारा मेला तर तुम्ही "तो निघून गेला" म्हणायचा आणि मागच्या बाकावरचा एकजण विचारायचा, "कुठं गेला सर?" नापासाच्या पेपरावर लाल शाईत लिहायचा, 'सुधारणा दिसते.' कसली सुधारणा! अकरावरून तेरा. एकदा मी फळ्यापाशी उभी राहून "मला न्हाई येत" म्हटलं, तेव्हा मात्र तुम्ही खडू आपटला होता. "येत नाही म्हणू नकोस, अजून आलेलं नाही म्हण," असं तुम्ही ओरडलात आणि दुसऱ्या दिवशी मला स्वतःची डिक्शनरी आणून दिलीत. पुढं मी चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलं ते त्या डिक्शनरीच्या जिवावर. आणि नापासाला नापासच लिहिलं. मुद्दाम. तुमच्यावरचा राग म्हणून.

अण्णांचं सांगते. तुम्हाला ठाऊकच आहे, पण मला लिहू द्या, कारण तुम्ही आमच्या गावात बदलून आलात तोवर अण्णांची कुस्ती सुटून आठ वर्षं झाली होती. तुम्ही त्यांना मैदानात बघितलंच नाही. औंधच्या बाजूला, खाली मिरजेपर्यंत, कुठल्याही जत्रेत अण्णांनी शड्डू ठोकला की पोरं झाडावर चढायची. मग गुडघा गेला. माणसानं ऊस लावावा, म्हशी बघाव्यात, गप बसावं की नाही? न्हाई. बाजाराच्या दिवशी फेटा बांधून जायचे. कोथिंबिरीची जुडी आणायला कोण फेटा बांधतं हो? आई म्हणायची, "आवं, भाजी आणायला चाललाय का हत्तीवरनं मिरवायला?" लांब कुठं हलगी वाजली की जेवता जेवता त्यांची मान ताठ व्हायची आणि घास तसाच हातात राहायचा. मला त्यांची लाज वाटायची आणि त्यांच्याकडं बघून हसणाऱ्यांना दगड मारावासाही वाटायचा. जत्रेच्या मैदानात त्यांना दरवर्षी मान होता. नारळ द्यायचे, खुर्चीवर बसवायचे आणि मोठ्या कुस्तीची जोड त्यांच्या हातानं लावायचे. त्या वर्षी जत्रेचं पत्रक छापून आलं आणि त्यात त्यांचं नावच नव्हतं. त्यांनी ते पत्रक तीनदा वाचलं. मग घडी घालून देवाच्या फळीवर ठेवलं.

आणि नेमकी त्याच पंधरवड्यात तुम्हाला ही फिल्म दाखवायची बुद्धी झाली. सांगलीच्या कुठल्या मंडळाकडून मागून आणलेली, फुकट, वर इंग्रजी. मग काय, तालमीतली पोरं, म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या, सगळा गाव हॉलमध्ये. अण्णा पहिल्या रांगेत खुर्चीवर, फेट्यासकट, त्यांच्या मागं ज्याला बसायला लागलं तो बोंबलतोय. तुम्ही पडद्याच्या बाजूला माईक धरून उभे आणि ती लोकं बोलतील ते मराठीत सांगताय. मधनंच कुणी म्हातारी विचारायची, "सर, ही रडतीया का हसतीया?" तुम्ही म्हणालात, "ही बाई पूर्वी फार मोठी नटी होती बरं का. आता तिला कुणी बोलवत नाही, पण ती रोज तयार होऊन बसते." तेवढ्यात मागनं कुणीतरी ओरडलं, "म्हंजी आपल्या पैलवानावाणीच की!" हॉल फुटला हो हसून. पोरांनी शिट्ट्या मारल्या. माझ्या शेजारची मैत्रीण हसली आणि मग माझ्याकडं बघून तिनं तोंडावर हात ठेवला. अण्णांनी मागं वळून बघितलं नाही. त्यांची मान मला दिसत होती, फेट्याखाली लालभडक झालेली.

पडद्यावरची माणसं बोलतायत आणि तुमच्या माईकमधनं नुसता श्वास ऐकू येतोय. आणि मग तुम्ही जे सुरू केलं, सर, त्याला तोड नाही. ती बाई पडद्यावर भांडी फोडतीय आणि तुम्ही सांगताय, "ती म्हणते, मी अजून थकलेले नाही." डॉक्टर तिच्या भाच्याला कोपऱ्यात घेऊन समजावतोय आणि तुम्ही सांगताय, "हे कंपनीचे मोठे साहेब. म्हणतात, तिच्यासारखी दुसरी झाली नाही." शेवटी मोटार आली तेव्हा तर तुमचा आवाज चढला. "कंपनीनं मोटार पाठवली! तिला परत बोलावलं!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. ज्यानं पैलवानावाणी म्हटलं होतं, त्यानंही वाजवल्या. अण्णा उठले, फेटा सारखा केला आणि सगळ्या गर्दीतनं छाती काढून चालत बाहेर गेले. आता तुम्ही म्हणाल, चारचौघांत त्या माणसाची अब्रू वाचवली. वाचवली, कबूल. पण पुढचं काय? तुम्ही पेट्या भरून त्या परत द्यायला सांगलीची एसटी धरलीत. इथं आमच्या घरात ती मोटार येऊन उभी राहिली, तिचं काय करायचं?

आठवडाभरात अण्णांनी जत्रा कमिटीला निरोप धाडला, मी जोड लावायला येणार न्हाई, लढायला येतोय. शेहेचाळिसाव्या वर्षी. एक गुडघा अधू. आईनं डोक्यावर हात मारून घेतला. तालमीचे वस्ताद स्वतः घरी आले, म्हणाले, "गड्या, आपलं वय झालं रं आता, ऐक माझं." अण्णा म्हणाले, "त्या गोऱ्या लोकांनी म्हातारीला बोलवलं, तुमी घरचं असून मला बोलवत न्हाई." त्यांनी तुमच्या शब्दावर डोळे झाकून विश्वास ठेवला, सर. पहाटे उठून परत जोर मारायला लागले, आईच्या मागं लागून तूप वाढवून घेतलं, आणि खरं सांगते, महिनाभर आमचं घर असं हसतं-खेळतं झालं होतं की बोलायची सोय नाही. समोर बावीस वर्षांचं पोरगं दिलं होतं. भलं पोरगं. कुस्तीआधी अण्णांच्या पाया पडलं. जरा वेळ अण्णा टिकले, लोक ओरडत होते, मीही ओरडत होते. मग त्यानं उचललं, गुडघा फिरला आणि अण्णा मानेवर आले. हलगी थांबली. एवढी माणसं होती, पण आईची हाक तेवढी ऐकू आली.

मिरजेच्या हॉस्पिटलचा तो व्हरांडा तुमच्या लक्षात असेल. आमच्याकडं काहीही मोठं झालं की मिरजच, तसं अण्णांनाही मिरजेला नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, जीव वाचला पण मानेखालचं अंग हलणार नाही. तुम्ही मोसंब्यांची पिशवी घेऊन आलात, आत जायचं धाडस झालं नाही तुम्हाला. बाकावर बसलात. माझ्याकडं न बघता म्हणालात, "माझं चुकलं. मी शेवट बदलायला नको होता." मी पंधरा वर्षांची होते. मी म्हटलं, "हो सर. नको होता." तुम्ही मान हलवलीत, पिशवी माझ्या हातात दिलीत आणि गेलात. त्यानंतर तुम्ही फिल्म दाखवली नाहीत, वर्षाच्या आत बदली मागून घेतलीत. अण्णा नऊ वर्षं खाटेवर होते. आईनं त्यांचं सगळं केलं, वर उसाच्या पाण्याची पाळी सांभाळली. माझं कॉलेज दोन वर्षं थांबलं. या नऊ वर्षांत अण्णा तुम्हाला एकदाही वाईट बोलले नाहीत, याचाही मला राग यायचा. म्हणायचे, "सर बिचारं चांगलं माणूस."

पुढं सांगलीत, मी नोकरीला लागल्यावर, हळदीच्या बाजारापाशी तुम्ही दिसलात. केस पिकले होते, सायकल हातात धरून चालत होता. "अजून रागावली आहेस?" तुम्ही विचारलंत. मी "नाही सर" म्हटलं आणि रिक्षाला हात केला. रिक्षा नको होती मला, घर समोरच होतं. पुढं तुम्ही वारल्याचं मला महिन्यानं कळलं, तेव्हा मी तुमच्या घरी गेले नाही. का जायचं, म्हटलं. इतकी वर्षं मी तुम्हाला मनातल्या मनात फैलावर घेत आलेय. भाजी निवडताना, पेपर तपासताना. नवरा म्हणायचा, कुणाशी भांडतीस गं? आणि वर नातीला झोपवताना तुमचाच शेवट सांगायचे, कंपनीनं मोटार पाठवली म्हणून. परवा तिनं तेच पकडलं. रात्री जाता जाता म्हणाली, "सर खोटं बोलले ठीक आहे. तू का बोललीस?"

तेव्हा आता लिहितेच. वर मी लिहिलंय, अण्णांनी तुमच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवला. तसं झालं नव्हतं. अण्णा कुस्तीत आयुष्य घालवलेला माणूस, समोरचा कुठं डाव टाकतोय ते त्यांना कळायचं. फिल्मच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात वेणी घालत होते. ते गुडघ्याला तेल चोळत बसले होते. मला जवळ बोलावलं. म्हणाले, "पोरी, तुला इंग्रजी येतंया. सर लय दयाळू माणूस हाय, माझ्याकडं बघून काय बी सांगंल. तू खरं सांग. त्या बाईला कामावरच नेलं का?"

मला कळलं होतं, सर. डॉक्टर काय म्हणाला ते सगळं नाही, पण तिला कुठं नेतायत तेवढं कळलं होतं, तुम्हीच शिकवलेलं होतं ना. आणि मी अण्णांच्या तोंडाकडं बघितलं. त्यांना वाईट वाटेल म्हणून मी खोटं बोलले असं मला लिहिता आलं असतं, पण ते तुमचं झालं. माझं तसं नव्हतं. आदल्या दिवशी त्या टाळ्या वाजल्या तेव्हा मैत्रिणी पहिल्यांदा माझ्याकडं वळून बघत होत्या, पैलवानाची पोरगी म्हणून. मला ते परत हवं होतं. अण्णा परत मैदानात उतरायला मला हवे होते.

मी म्हटलं, "व्हय अण्णा, कामावरच नेलं."

व्हरांड्यात तुम्ही सगळं आपल्या अंगावर घेतलंत, आणि मी घेऊ दिलं.