ओट्यावरचं इंजिन

नाशिक रोड

चि. दत्तूस नवसाअक्काचे अनेक आशीर्वाद. तुझी कंबर कशी आहे? शुभांगीची दाढ काढली का? इकडे आम्ही खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं. फोनच केला असता, पण तुझे दाजी दिवसभर घरात असतात आणि डोळे गेले तरी कान शाबूत आहेत, म्हणून हे पत्र.

डोळ्यांपायी दाजींचं लायसन गेलं आणि ट्रक विकला, हे तुला ठाऊकच आहे. घेणाऱ्याने इंजिन मात्र आमच्याच दारात उतरवून दिलं. (त्याला दुसरं बसवायचं होतं. शहाणा माणूस.) एकलहऱ्याच्या वीज केंद्राची राख वाहून वाहून खिळखिळं झालेलं ते धूड तेव्हापासून ओट्यावर दोन टायरांवर बसलंय आणि मी चपला काढायला जागा शोधते. दाजी रोज चाचपून चाचपून ते डिझेलने पुसतात. माझी अंघोळ झाली का, असं मला इतक्या वर्षांत कुणी विचारलेलं नाही.

मी भंगारवाला बोलावला. दाजींनी त्याला चहा पाजला आणि सिमेंट भरून हे इंजिन कसारा घाट कसं चढायचं, ते असं काही सांगितलं की त्या बापड्याचे डोळे भरून आले. ह्यावर घण घालणं आपल्याच्याने होणार नाही म्हणत तो गेला. मग आयटीआयचे एक सर आले, त्यांना मुलांना शिकवायला इंजिन हवं होतं. दाजींनी विचारलं, मुलं खोलतील, पण परत जोडतील का? सर खरं बोलणारे निघाले, त्यामुळे तोही विषय संपला.

परवा तर कहर झाला. दाजींनी बॅटरी जोडली, डब्यातून डिझेलची नळी सोडली आणि स्टार्टर मारला. इंजिन चालू झालं. शेजारच्या तानुबाईंचे वाळत घातलेले पापड धुराने काळे झाले. इंजिन थरथरत टायरांवरून उतरलं, माझ्या उंबऱ्यापर्यंत आलं आणि तिथेच जाम झालं. तानुबाई तोंडाला येईल ते बोलल्या. मी त्यांना नवे पापड लाटून द्यायचं कबूल केलं.

आता निकाल लागलाच पाहिजे. दाजी तुझ्याशिवाय कुठल्याच मेकॅनिकचं ऐकत नाहीत. रविवारी टेम्पो घेऊन ये आणि ही ब्याद तुझ्याकडे मालेगावला घेऊन जा.

तुझी अक्का

ता. क. त्यांच्यासमोर भंगार हा शब्द काढू नकोस.

ता. क. दुसरा. इंजिनापाशी नसले की ते भिंतीकडे तोंड करून पडून असतात रे. माझ्याशी धड बोलत नाहीत. परवा इंजिन वाजलं तेव्हा हसले. तोंडभर काजळी, आणि हसत होते. मला उभ्या जागी रडू आलं. पण इंजिन पुन्हा चालू झालं की दुसरा ट्रक घेऊन स्वतः चालवीन म्हणतात, आणि मी फाटकात उभी असले तर त्यांना ओट्यावरून ओळखू येत नाही.

तेव्हा टेम्पो नको, एकटाच ये. इंजिन खोल, नीट बघ आणि सांग, "दाजी, चालू होईल, पण एक पार्ट शोधावा लागेल." मग अधूनमधून फोन करून शोधतोय म्हणत जा. आणि पार्ट खरंच सापडला, तर गुपचूप ठेवून दे.